पंचफुलाच्या पाठीवरचा डबा

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. औशाजवळच्या एका गावात, पायऱ्यांच्या विहिरीवर कडुनिंबाला एक खुंटी ठोकली आहे, तिथे मी लटकलेला असतो. माझा एक कोपरा चेपला आहे. अंगावरचं करडईच्या फुलाचं चित्रही पुसत आलं आहे. तरी निम्म्या गावाला मी पोहायला शिकवलं, या तोऱ्यात मी बरीच वर्षं होतो.

माझा जन्म पाच लिटर करडईच्या तेलासाठी झाला. विरूपाक्षअण्णांच्या किराणा दुकानात ते तेल संपलं आणि मी भंगारात निघालो. तेवढ्यात अण्णांच्या पत्नी गौरम्मा यांनी मला उचललं. त्यांचं माहेर मांजरा नदीच्या काठचं, त्यामुळे पाण्याची भीती कसली ती नाही. त्यांनी माझ्या तोंडाला लाकडी बूच बसवलं, सुती पट्टे बांधले आणि पोहायला शिकणाऱ्यांच्या पाठीवर मला चढवलं. आत नुसती हवा, म्हणून मी बुडत नसे आणि त्यांनाही बुडू देत नसे. कुणी शिकलं की विहिरीवर गूळ वाटायची रीत होती. तो गूळ माझाच, असं मला वाटे. गाड्याखालून चालणाऱ्या कुत्र्यालाही गाडा आपणच ओढतो असं वाटतं, तसंच.

सोमेश नावाचा मुलगा मात्र दहा दिवस झाले तरी मला सोडेना. एके दिवशी गौरम्मांनी वैतागून त्याच्या पाठीवरचे माझे पट्टे सोडले आणि त्याला पाण्यात ढकललं. तेव्हा सगळेच असं शिकवत. त्यांनी लगेच त्याला बाहेर काढलं, पण नाकातोंडात पाणी गेलेला सोमेश पुन्हा विहिरीवर आला नाही. आज तो एका मुलीचा बाप आहे आणि अजूनही विहीर टाळून लांबच्या वाटेने शेतात जातो.

त्यानंतर गौरम्मांनी कुणाला ढकललं नाही. त्यांनी दुसरी युक्ती काढली. शिकणारा हातपाय मारू लागला की त्याला न सांगता माझ्यात रोज थोडं पाणी ओतायचं. माझा आधार कमी होई, त्याचा जोर वाढे, आणि त्याला पत्ताही लागत नसे.

गेल्या वर्षी पंचफुला आली. तिशीची बाई, नवरा वैजनाथ लातूरला कामाला. शेततळ्यावरची मोटर तीच चालू करते आणि सहा वर्षांची ऋतुजा तिच्यासोबत असते. उन्हाळ्यात त्यांचं करडू तळ्याच्या प्लास्टिकवरून घसरून तिच्या डोळ्यांदेखत बुडालं होतं.

"अक्का, काठाला दोर तर बांधलाय," ती गौरम्मांना म्हणाली. "पण उद्या माझी लेक घसरली तर मी काय नुस्ती बोंबलत बसू? मला शिकवा."

नवऱ्याचा जुना शर्ट घालून ती रोज सकाळी विहिरीत उतरू लागली. येणारे-जाणारे हसायचे, ती लक्ष द्यायची नाही. आठव्या दिवशी पायऱ्या चढताना तिच्या पाठीवर माझ्यातलं पाणी डुचमळलं आणि ती थांबली.

"डब्यात पानी हाय! मला फसवायलात व्हय, अक्का?"

"तुझ्या भल्यासाठीच गं."

"माझं भलं मला सांगून करा की! जीव माझा हाय." मला पायरीवर ठेवून ती निघून गेली.

मला फार वाईट वाटलं. चार दिवसांत ती पोहली असती! अण्णांनी विचारलं, "बोलवून आणू का तिला?"

"न्हाई," गौरम्मा म्हणाल्या. "एकाला ढकलून चुकले, हिच्यापासून लपवून चुकले. आता तिचं तिला ठरवू द्या." पण रोज त्याच वेळी त्या विहिरीवर येऊन बसत होत्या.

पाचव्या दिवशी पंचफुला ऋतुजाला घेऊन आली. "बूच काढा, अक्का. पानी मी भरते."

मग रोज ती स्वतःच्या हाताने माझ्यात पाणी ओतायची. गौरम्मा हातभर अंतरावर पोहत राहायच्या. त्यांचा हात पुढे यायचा आणि मागे जायचा. मलाही वाटे, थोडी तरी हवा धरून ठेवावी. पण ते माझ्या हातात नव्हतं. एके सकाळी तिने मला काठोकाठ भरलं. खरं सांगतो, मी घाबरलो. आता माझा तिला काडीचाही उपयोग नव्हता. उलट मीच तिच्या पाठीवरचं ओझं होतो.

ती समोरच्या भिंतीपर्यंत गेली आणि परत आली.

पायरीवरून ऋतुजा ओरडली, "आई, डबा बुडायलाय, तू न्हाई!"

माझा सगळा तोरा त्या पोरीने एका वाक्यात उतरवला, आणि मला लई आनंद झाला! इतकी वर्षं ही माणसं आपापल्या बळावर शिकत होती. मला फक्त त्यांच्या पाठीवर जागा मिळाली होती. माझ्यासारख्या भंगारातल्या डब्याला एवढं मिळालं, हे उपकार मी कसे फेडू?

मित्रांनो, शिकून झालं की माझ्यातलं पाणी ओतून टाका, मला उन्हात वाळवा आणि खुंटीला लावा. मी गंजलो तर पुढच्याची पंचाईत होईल.

कारण काल सोमेश विहिरीजवळच्या वाटेने गेला. लेकीचा हात धरून तो क्षणभर थांबला. गौरम्मांनी त्याला हाक मारली नाही. तो गेल्यावर त्यांनी माझं बूच घट्ट केलं आणि मला खुंटीवरून काढून खालच्या फांदीला अडकवलं, लहान मुलीचा हात पोचेल एवढ्या उंचीवर.