फ्यूजच्या जागी तार

मित्रांनो, मी एक जुना ॲम्प्लिफायर आहे. गिटारचा आवाज मोठा करणे हे माझे काम. पाठीमागच्या जाळीतून डोकावलात, तर आवाज वाढवणारे, काचेच्या नळ्यांसारखे चार व्हॉल्व्ह मंद नारिंगी उजळलेले दिसतील. तापणे हा माझा स्वभावच आहे. पण तापण्यालाही मर्यादा असते, आणि ती सांभाळायला माझ्या पोटात एक बारीकसा फ्यूज होता. वीज प्रमाणाबाहेर वाहू लागली, की तो स्वतः जळून मला वाचवायचा.

मला जोडणाऱ्या कारागिराने गिऱ्हाइकाला बजावले होते, "याची पाठ भिंतीला टेकवू नका. आणि कुरकुरायला लागला, तर आधी बंद करा, मग कारण शोधा."

ते गिऱ्हाईक म्हणजे आमचा वादक. सुरुवातीची वर्षे त्याने मला तळहाताच्या फोडासारखे जपले. "काय गोड आवाज आहे हो!" असे लोक त्याला म्हणायचे, आणि फुगायचो मात्र मी.

पुढे माझ्यात घरघर शिरली, मग तडतड. एक व्हॉल्व्ह बिघडला होता. शेजारी तक्रार करू लागले, तेव्हा वादकाने मला भिंतीला चिकटवले आणि वरून जुनी शाल पांघरली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला! आठवड्यात तीनदा फ्यूज जळला. तिसऱ्यांदा त्याने त्या जागी तांब्याची जाड तार बसवली.

"कार्यक्रम होईपर्यंत ढकलू कसंतरी," तो म्हणाला. त्या दिवसापासून मला माझीच भीती वाटते.

वादकाच्या वडिलांना अजिबात ऐकू येत नाही. दुपारी ते माझ्याशेजारच्या खाटेवर झोपतात, एक हात माझ्यावर ठेवून. मुलाचे वाजवणे त्यांना त्या हातातूनच कळते.

काल दुपारी वडील असेच झोपले असताना वादक कार्यक्रमाचे सामान न्यायला टेम्पोगाडी ठरवायला गेला, तो मला चालू ठेवूनच. व्हॉल्व्ह गरम राहिले की आवाज गोड लागतो, असे त्याचे ठाम मत! थोड्याच वेळात बिघडलेल्या व्हॉल्व्हमधला पत्रा लालभडक झाला. मी घुमलो, किंचाळलो. पण ऐकणार कोण? शाल करपू लागली. फ्यूज असता, तर मी केव्हाच गप्प झालो असतो.

चटका बसला तसे वडील हात झटकून उठले आणि त्यांनी प्लग उपटला.

"बाबा, बंद कशाला केलात?" परतलेल्या वादकाने हातवारे करत विचारले.

वडिलांनी करपलेली शाल पुढे केली. "अरे, मला ऐकू येत नाही म्हणून मी हात लावून बघतो. तुला तर ऐकू येतं ना?"

वादकाची मान खाली गेली. त्याने शाल फेकली, मला भिंतीपासून पुढे ओढले. "परवा नक्की दुरुस्तीला नेतो," असे त्याने बोटांवर मोजून दाखवले. तार मात्र तशीच राहिली.

मित्रांनो, आमची कुरकुर म्हणजे नखरे नव्हेत. आम्हाला दुखणे सांगायची दुसरी भाषा नाही. तिचे तोंड दाबू नका.

आज कार्यक्रम आहे. वादक मला चालू करून कपडे आणायला गेला आहे. वडील खाटेवर राखणीला बसले आहेत, हात माझ्यावर ठेवून. पण दुपारची वेळ आहे, वय झाले आहे. त्यांचे डोळे मिटले आहेत, आणि हात आत्ताच घसरून खाली पडला. दाराबाहेर तुमच्यापैकी कुणी असेल, तर कृपा करून आत या. माझा प्लग काढा.