मागच्या सिलिंडरचं पाणी

धरणाच्या काठावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती लाँच सत्तावीस वर्षं पडून होती. धरण नवं होतं त्या काळातली, सागवानी अंगाची, पोटात दोन सिलिंडरचं डिझेल इंजिन. एवढ्या वर्षांत तिचा उपयोग झाला तो फक्त अंडी घालणाऱ्या कोंबड्यांना. मग पाटबंधारे खात्यात कुणाच्या तरी डोक्यात आलं की लाँच सुरू केली तर पर्यटक येतील. कुठून येतील, हे कुणी विचारलं नाही. शिरड शहापूरच्या सटवाजी मिस्त्रीला मात्र निरोप गेला, कारण असलं इंजिन उघडून पुन्हा जोडू शकेल असा दुसरा माणूस आसपास उरला नव्हता. बाकीचे एक तर देवाघरी गेले होते, नाही तर मोटारसायकलच्या शोरूमला.

सटवाजी सत्तरीचा. त्याने आठ दिवस इंजिनाला हातच लावला नाही. जाम सुटावा म्हणून सिलिंडरमध्ये फक्त रॉकेल आणि तेल ओतून ठेवलं आणि रोज येऊन त्याच्याकडे नुसता बघायचा. खात्याचा तरुण इंजिनिअर अनिरुद्ध वैतागला. सटवाजी म्हणाला, "साहेब, सत्तावीस वर्स झोपलेल्याला दांडकं मारून उठवतेत का?"

त्या आठ दिवसांत त्याने बाकीचं अंग तपासलं. टाकीतल्या डिझेलचा डांबरासारखा चिखल झाला होता, तो खरवडून काढला. इंजिन ज्या लाकडांवर बसवलेलं असतं त्यांत टोचा खुपसून पाहिला. लाकूड खणखणीत होतं. पंख्याचा दांडा बोटीतून जिथे बाहेर पाण्यात जातो, तिथली दोरी नवी भरली. अनिरुद्ध म्हणाला, ती करकचून आवळा, थेंबभरही पाणी आत नको. सटवाजीने मान हलवली आणि दोरी सैलच ठेवली. तिथे थेंब टिपकलाच पाहिजे, नाही तर दांडा तापून जळतो. विहिरीवरच्या पंपाला लागू ते बोटीलाही लागू. शिकलेल्या माणसाला हे सांगत बसण्यापेक्षा मान हलवणं सोपं.

नवव्या दिवशी हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उघडायचं होतं. त्या दिवशी पुंजाजी आला, डोंगरकड्याहून दोन एसट्या बदलून.

पुंजाजी या लाँचचा ड्रायव्हर होता, रोजंदारीवरचा. अठ्ठ्याण्णव साली, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, मोठे साहेब लाँचीत बसले असताना भर धरणात इंजिन जाम झालं. साहेबांना तीन तास उन्हात बसावं लागलं. चौकशी झाली. इंजिन गार ठेवणारं पाणी न तपासता ते चालवलं, असा ठपका ठेवून पुंजाजीला काढलं. दोन महिन्यांनी तो कायम व्हायचा होता. पाणी काठोकाठ भरलं होतं, असं त्याने चौकशीत सांगितलं. कुणी मानलं नाही. हेड उघडून बघावं असंही कुणाला वाटलं नाही. माणूस काढला की प्रकरण मिटतं, इंजिन उघडायला कष्ट पडतात.

पुंजाजी शेडच्या दारात उभा राहिला. राम राम झाला.

"उघडून राहिला म्हणं आज," तो म्हणाला. "मला एकच सांग गड्या. इंजिनात पाणी व्हतं का न्हवतं, ते आता कळंल का?"

"कळंल," सटवाजी म्हणाला.

"मंग बसतो मी हितंच." तो बाहेर पालथ्या घमेल्यावर बसला.

सटवाजीने नट सोडवले, क्रमाने पितळीत मांडले, हेड उचललं. पुढचा सिलिंडर आरशासारखा होता. मागचा भाजून काळानिळा, पिस्टन त्यात रुतलेला. सटवाजीचे हात थांबले. पाणी कमी असतं तर दोन्ही भाजले असते. म्हणजे पाणी होतं. मागच्या सिलिंडरपर्यंत ते पोचत नव्हतं.

या बोटीच्या इंजिनात धरणाचं पाणी येत नाही. त्याचं स्वतःचं पाणी असतं. ते वरच्या टाकीतून इंजिनात येतं, तापतं, बोटीच्या पोटाखालच्या नळ्यांतून फिरून गार होतं आणि परत येतं. सटवाजीने मागच्या वाटेत तार घातली. तार अडली. टोच्याने खरवडलं तेव्हा विटेसारखा कडक, तपकिरी खडा निघाला. खडा फोडला. आत पिवळा होता.

त्याने अनिरुद्धकडे पाठ वळवली. खिशातून तंबाखूची डबी काढली, नखाच्या टोकावर चुना घेतला आणि तो पिवळ्या भुकटीत चोळला. भुकटी लाल झाली.

हळदच ती. आणि ती कुणी टाकली, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. तेव्हा लाँचची दुरुस्ती सटवाजीकडेच असायची. त्या दसऱ्याला लाँचची पूजा झाली तेव्हा वरच्या टाकीचा जोड ठिबकत होता. दुसऱ्या दिवशी साहेब यायचे होते. गळक्या रेडिएटरमध्ये चिमूटभर हळद टाकायची, ती फुगते आणि भोक बुजतं, हे या भागात ट्रॅक्टरवाल्या पोरालाही ठाऊक. चिमटीने भागेना, तेव्हा सटवाजीने दोन ओंजळी टाकल्या. घरची हळद, वसमतच्या बाजारात नाव असलेली. ठिबकणं थांबलं. तो खूश होऊन घरी गेला. चौकशीत त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला होता, "पानी कमी आसलं की इंजिन आसंच जाम व्हतं, साहेब." यात खोटं काही नव्हतं. हळदीचं कुणी विचारलं नव्हतं.

"काय आहे ते?" अनिरुद्धने वही उघडली.

"खार," सटवाजी म्हणाला. "पान्याचा खार धरला."

अनिरुद्धने लिहिलं. त्याला कसलीच शंका आली नाही, का यावी? खडा धरणात फेकला असता तर संपलं असतं. सगळी हयात मिस्त्री या नावावर काढली होती सटवाजीने. इंजिन अडलं की लोक त्याच्याकडे यायचे, त्याचा शब्द घेऊन निर्धास्त जायचे. आणि दारात हा माणूस बसला होता, सकाळपासून पाणीसुद्धा न मागता. सटवाजीला स्वतःची शरम वाटली.

"साहेब, खार खोडा," तो म्हणाला. "हळद हाये ती. मी टाकलेली, अठ्ठ्याण्णव साली. दोन ओंजळी. मागच्या सिलिंडरची वाट तिनं बुजली. सटवाजी मिस्त्रीनं टाकली, आसं नाव घालून लिव्हा."

अनिरुद्ध गोंधळला. "मिस्त्री, ती फाइल तर केव्हाच रद्दीत गेली असेल. आता लिहून काय उपयोग?"

"लिव्हा तरी."

पुंजाजी उठून आत आला होता. त्याने सगळं ऐकलं होतं. सटवाजीने खडा त्याच्या तळहातावर ठेवला आणि शिवी ऐकायच्या तयारीने उभा राहिला. थोबाडीत बसली असती तरी त्याने हात वर केला नसता.

पुंजाजीने खड्याकडे पाहिलंही नाही.

"म्हंजे पानी व्हतं?"

"काठोकाठ व्हतं. तू बराबर भरलं व्हतं."

"तू खरं बोलून राहिला न्हवं? माझ्या समाधानाला न्हाई ना?"

"न्हाई. इंजिन बघ. पुढला सिलिंडर बघ, ओरखडा न्हाई त्याला."

पुंजाजी वाकला. पुढच्या सिलिंडरमध्ये बोट फिरवलं, हळू, दोनदा. मग तिथेच लाँचीच्या कडेवर बसला आणि हुंदका न काढता रडला. अनिरुद्ध वही घेऊन बाहेर गेला.

"मला माफ कर," सटवाजी म्हणाला.

"माफीचं मंग बघू," पुंजाजीने उपरण्याने तोंड पुसलं. "आरं, सगळ्यायनं इतकी वर्सं सांगितलं, तू पानी पायलंच न्हाई. बायकोनं सांगितलं, लेकरायनं सांगितलं. शेवटी मलाबी तसंच दिसाया लागलं. डोळे मिटले की ती टाकी दिसायची, आन रिकामी दिसायची."