पांढऱ्या पट्टीच्या आत

साहेब, तुम्ही खोटं बोललात. चुकून नाही, ठरवून. आणि ते खोटं उभं करायला माझेच हात वापरलेत.

तुमची नोटीस मिळाली. ‘वाहतुकीस अडथळा केल्याबद्दल सात दिवसांत लेखी खुलासा करावा.’ घ्या खुलासा. शाळा सातवीपर्यंतच झाली, त्यामुळे गोड लिहायला शिकायचं राहून गेलं.

जंगलातून जाणाऱ्या रस्त्यावर जनावर मेलं की वनखात्याची गाडी घेऊन मी जातो. नऊ वर्षं झाली. ऑफिसात मला ‘मढेवाले मामा’ म्हणतात. तुम्हीही म्हणता, तोंडावर. पहिल्याच आठवड्यात एक साळिंदर पाहिलं. मी पोचेपर्यंत त्याच्यावरून इतकी चाकं गेली होती की डांबरावर नुसते काटे उरले होते. त्या दिवसापासून मी आधी मढं रस्त्यावरून ओढून झाडाखाली नेऊ लागलो, वर पाला घालू लागलो, आणि मगच खात्याच्या जनावरांच्या डॉक्टरबाईंना फोन. मेल्यावर तरी कोणी तुडवू नये, एवढाच हिशेब.

डॉक्टरबाई मढं जिथे बघायच्या ती जागा कागदावर लिहायच्या. ‘जंगलात, झाडाखाली. जबर मार.’ पुढे तुमच्या टेबलावर त्या माराची ‘आपसातली झुंज’ व्हायची. सशाने कोणाशी झुंज घेतली असेल, हे मी विचारलं असतं. पण तो कागद मला कधी दाखवलाच नाहीत.

कळलं ते दोन आठवड्यांपूर्वीच्या बैठकीत. रस्ता दुप्पट रुंद करायचा होता, आणि त्याखालून जनावरांसाठी भुयारी वाट ठेवायची की नाही, ते ठरायचं होतं. मी खुर्च्या लावून दाराशी उभा होतो. तुम्ही पडद्यावर काठी ठेवून सांगितलंत, “नऊ वर्षांत गाडीखाली मेलेली जनावरं, शून्य. भुयाराची गरज नाही.” टाळ्या पडल्या.

मी म्हणालो, “साहेब, ती सगळी मीच तर उचललीत.”

तुम्ही हसलात. “कुठून उचललीत मामा? कागद तर म्हणतो, जंगलातून.”

घरी बायकोला सांगितलं. भाजी चिरता चिरता ती म्हणाली, “म्हणजे नऊ वर्षं त्यांचं पाप तुम्ही झाकलंत. वर पालाही घातलात.” विळीवरून मान वर न करता. तिचा टोला असाच असतो, आवाज नाही, वळ तेवढा राहतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. वळणावर तरसाची मादी पडली होती. अंग अजून गरम. सवयीने मी तिचे मागचे पाय धरले. आणि सोडून दिले.

गाडी रस्त्यावर आडवी लावली. दहा मिनिटांत दोन्हीकडे रांग. एका बसचा ड्रायव्हर उतरला.

“अहो काका, ओढा की ते बाजूला!”

“नऊ वर्षं ओढलं. आज नाही.”

“तरसासाठी एवढं? वाघ असता तर समजलो असतो.”

“वाघ असता तर साहेब फोटोला आले असते. तरसाला मीच आहे.”

तो डोकं खाजवत परत गेला, पण हॉर्न वाजवायचा थांबला. डॉक्टरबाई आल्या, गुडघ्यांवर बसल्या. आचळं दाबून पाहिली. दूध आलं. पिल्लं रस्त्यापलीकडच्या कपारीत असणार, म्हणाल्या. म्हणजे ती त्यांच्याकडेच निघाली होती. मग त्यांनी कागद काढला आणि पेन हातातच धरून बसल्या.

“मामा, हे लिहिलं तर माझी बदली होईल.”

“माझी तर नोकरीच जाईल. लिहा.”

त्यांनी लिहिलं, ‘डांबरावर, पांढऱ्या पट्टीच्या आत. वाहनाच्या धडकेने मृत्यू.’ साक्षीदार म्हणून त्या बसवाल्याने सही केली, मागोमाग बसमधल्या अकरा जणांनी. तेवढ्यात तुमचा फोन. “मामा, आधी रस्ता मोकळा करा, मग बोलू.” मी म्हणालो, “आधी बोलू.” तुम्ही फोन ठेवलात.

सह्या झाल्यावर मीच रस्ता मोकळा केला. कपारीत तिची दोन पिल्लं सापडली, डॉक्टरबाई बाटलीने दूध पाजताहेत. मोठी झाली की तीही हाच रस्ता ओलांडणार.

तो कागद आठ दिवस तुमच्या टेबलावर आहे. तुमच्या सहीशिवाय तो पुढे सरकत नाही, आणि तो सरकला नाही तर भुयार होत नाही. माझी नोकरी घ्यायची तर घ्या, ती माझ्या अंगाला चिकटून जन्माला आली नव्हती. पण त्या कागदाची एक प्रत माझ्याकडे आहे, एक बसवाल्याकडे, आणि ज्या अकरा जणांनी सह्या केल्या त्यांनी आपापल्या मोबाइलवर फोटो काढलेत. आता पाला घालायला जागा नाही.

माझा खुलासा झाला. आता तुमचा. सात दिवस मीही देतो, लेखीच द्या: ती तरस मादी कुठे मेली?