खोली नंबर चौदाची मान्यता

अमेरिकेत आयोवातल्या एका गावात शाळेची पिवळी बस चोवीस वर्षं चालवणाऱ्या व्हर्ना स्टोल्ट्झला एक सवय जडली होती. रेल्वेचे रूळ आले की ती बस थांबवायची, दार उघडायची, पोरांना गप्प करायची आणि गाडी येतेय का ते कान देऊन ऐकायची. शाळेच्या बसला नियमच आहे तसा. पण गावाबाहेरचे रूळ उखडून बारा वर्षं झाली होती, तिथं मका उभा होता, तरी ती थांबायची. मक्याचं ऐकून घ्यायची.

एक्कावन्नाव्या वर्षी तिनं नर्स व्हायचं ठरवलं. बेत सरळ होता. गावातल्या छोट्या कॉलेजात दोन वर्षं, मग तेच विषय जमेस धरून राज्याच्या विद्यापीठात तिसरं वर्ष. विद्यापीठानं ते धरले नाहीत, तर त्रेपन्नाव्या वर्षी पुन्हा श्रीगणेशा.

अर्ज भरून झाला. सहीच्या रेघेपाशी व्हर्ना थांबली.

"ड्वाइट, तुमच्या कॉलेजला मान्यता आहे ना?"

प्रवेशाचं बघणारा ड्वाइट लिंडक्विस्ट लहानपणी तिच्याच बसमधून शाळेत गेलेला. त्यानं भिंतीवरच्या सोनेरी चौकटीकडे बोट दाखवलं. "आहे की, मिस व्हर्ना. मध्यभूमी मान्यता मंडळाची."

"ते मंडळ असतं कुठं?"

"खोली नंबर चौदा. पिण्याच्या नळाशेजारी."

चौदा नंबरात टेबलामागे ड्वाइटच बसला होता. टाय तेवढा वेगळा.

"या. काय काम काढलंत?"

"अरे, मी आत्ता तुझ्याकडूनच आले."

"त्यांच्याकडून," ड्वाइट म्हणाला. "मी मंडळ आहे. कॉलेज उत्तम. मी मंगळवारी अचानक जाऊन तपासलंय. त्यांना कळवलंसुद्धा नव्हतं."

"आणि मंडळाला मान्यता कोणाची?"

"कॉलेजची. तेही कडक आहेत. गेल्या वर्षी त्यांनी आमची मान्यताच काढून घेतली."

"मग?"

"मग आम्ही त्यांना दिलेली मान्यताही गेली. आता बिनमान्यतेच्या कॉलेजनं काढलेली मान्यता निघाली कशी म्हणायची? जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळं जागच्या जागी."

व्हर्ना घटकाभर कौतुकानं त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं टेबलावरचाच फोन उचलून विद्यापीठाला लावला. पलीकडच्या बाईंनी सरकारी यादी पाहिली. तीत मंडळ नव्हतं, कॉलेजही नव्हतं. तिथला एकही विषय विद्यापीठ धरणार नव्हतं. यादीतलं जवळचं कॉलेज चाळीस मैलांवर होतं.

"त्यांचे कुठले विषय धराल, ते मला लिहून पाठवा," व्हर्ना म्हणाली आणि बिनसहीचा अर्ज घडी करून पर्समध्ये टाकला.

"आजवर कुणी विचारलंच नव्हतं, मिस व्हर्ना," ड्वाइट पडेल आवाजात म्हणाला.

"मक्यातूनही कधी गाडी आली नाही रे. तरी बघावं लागतं."

तो टायशी चाळा करू लागला. "माझी पदवी इथलीच आहे. ती कुठं धरतील का?"

व्हर्नानं फोन त्याच्याकडे सरकवला. "तूच विचार. पण आधी तो टाय काढ."

सप्टेंबरात व्हर्ना आपल्या जुन्या गाडीतून चाळीस मैलांवरच्या कॉलेजात जाऊ लागली. शेजारच्या सीटवर ड्वाइट, पहिल्या वर्षाची पुस्तकं मांडीवर घेऊन. गावाबाहेर मक्यापाशी तिनं गाडी थांबवली, काच खाली केली.

लहानपणी तो इथं कधी गप्प बसायचा नाही. आता बसला.