घरची काच

यादोराव मेश्रामांचे डोळे गेले, असं लाखांदुरात बोललं जाऊ लागलं ते एकोणऐंशी सालच्या एका लग्नावरून. गोपीचंदच्या पोरीचं लग्न. यादोरावांनी काढलेले फोटो आले तेव्हा एकात नवरी धुरकट आणि मागची कनात लख्ख, दुसऱ्यात पुढचा तांब्या लख्ख आणि नवरा-नवरी दोघंही धुक्यात. गोपीचंद भला माणूस, तोंडानं काही बोलला नाही. पण न बोललेली गोष्टच गावात जास्त फिरते. आठ दिवसांत ती एस्टी स्टँडवरच्या चहावाल्यालाही पाठ झाली.

यादोराव म्हणत, दोष काचेचा. त्यांचा कॅमेरा जुना, जर्मन, दोन भिंगांचा. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्यातून फोटो काढायचा. कॅमेरा पोटाशी धरून वरून डोकावलं की आतल्या आरशावरून आलेलं चित्र एका घासलेल्या काचेवर पडतं. त्या काचेवर नाकडोळे रेखीव दिसले की फोटोतही रेखीव. पण ती काच मुळातच जाडीभरडी, त्यात वर्षानुवर्षं पुसून पुसून पार मंद झालेली. आता एवढं रामायण गावाला कोण सांगणार? नाचता येईना अंगण वाकडं, म्हणून लोक हसून मोकळे झाले.

हळूहळू यादोरावांनाही लोकांचंच खरं वाटू लागलं. एक दिवस जेवताना ते म्हणाले, "केशवराव गुरुजी रिटायर होऊन राहिले. साऱ्या शाळेचा फोटो आपल्यालेच सांगतला हाये. तो बिघडला तं कॅमेरा इकून टाकतो. पुन्हा फोटोचं नाव काढणार नाही."

मंगलाबाईंचा राग मस्तकात गेला. नवऱ्यावर नव्हे, गावावर. दुकानाच्या पाटीवर नाव यादोरावांचं असलं तरी फिल्म धुणं, फोटो छापणं, वाळवणं सगळं वीस वर्षं त्यांच्या हातचं होतं. या माणसाचे डोळे त्यांना ठाऊक होते. ताटात वाढलेल्या भातातला खडा त्यांच्या आधी त्याला दिसायचा. तेवढ्यावरून भांडणंही झाली होती.

"डोळे गेले असते तं माह्या भाताले नावं कोनं ठेवली असती?" त्या म्हणाल्या. "काच बदलू."

"नागपूरले इचारलं. या कॅमेऱ्याची काच आता येत नाही."

"मंग बनवू."

यादोरावांनी हा विनोद समजून पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

दुसऱ्या दिवशी मंगलाबाई ताराचंदच्या राईस मिलवर गेल्या. तांदूळ पॉलिश करायच्या दगडावर कुरुंदाचा थर देतात, त्याची भुकटी मिलमध्ये पोत्यानं असते. भांडी घासायच्या राखेपेक्षा कैक पटींनी कडक. ताराचंदनं ओंजळभर भुकटी कागदात बांधून दिली आणि विचारलं, "काहून बाई, आता फोटोलेबी पॉलिश करता का?"

"फोटोले नाही भाऊ. नावं ठेवनाऱ्यायच्या तोंडाले."

भुकटी होती रवाळ. तशीच वापरली असती तर नवी काच जुनीपेक्षा भरड झाली असती. पण मंगलाबाईंचं माहेर करडी गावचं. तिथल्या तळ्याचं गढूळ पाणी या गंजातून त्या गंजात, पातेल्यातून पातेल्यात, नितारण्यातच त्यांचं बालपण गेलेलं. त्यांनी कुरुंद पाण्यात ढवळलं, जाड कण तळाशी बसू दिले आणि वरचं गढूळ पाणी दुसऱ्या गंजात ओतलं. तिथं भात शिजून उतरेपर्यंत थांबल्या आणि पुन्हा वरचं तेवढं ओतून घेतलं. शेवटच्या गंजाच्या तळाशी जो गाळ राहिला तो बोटांत धरला तर लोण्यासारखा लागत होता.

काच घरातच मिळाली. यादोरावांच्या उस्तादांच्या काळातल्या काचेच्या निगेटिव्ह पेटीत पडून होत्या. त्यातली एक खराब झालेली सोड्याच्या गरम पाण्यात चित्र निघून जाईपर्यंत धुतली, फ्रेमची काच कापायच्या हिरकणीनं मापात कापली आणि दुसऱ्या काचेवर गाळ घालून मंगलाबाई तिची एक बाजू घासत बसल्या. गोल गोल, हलक्या हातानं, जात्यावर बसल्यासारख्या. संध्याकाळपर्यंत काचेवर अशी नाजूक साय धरली की यादोराव ती उजेडात धरून नुसते बघत राहिले. मग स्वतःच्या कॅमेऱ्याचं वरचं झाकण त्यांनी स्वतःच उघडून दिलं. आजवर त्या कॅमेऱ्याला त्यांनी कुणाचा हात लागू दिला नव्हता. काच मंगलाबाईंनी बसवली.

सकाळी अंगणात परीक्षा झाली. मंगलाबाई कुंपणापुढं उभ्या राहिल्या. यादोरावांनी कॅमेऱ्यात डोकावलं आणि म्हणाले, "तुह्या लुगड्याचं सूत दिसून राहिलं मले."

फोटो छापले आणि सगळं पाण्यात गेलं. प्रत्येक फोटोत मंगलाबाई धुरकट.

यादोराव खाटेवर बसले. "आता तं काचबी नवी हाये," ते म्हणाले. "गाव खरं बोलत होतं. डोळेच गेले."

दोरीवर टांगलेले ओले फोटो मंगलाबाई एकेक करून बघत होत्या. सगळ्यांत त्या धुरकट, आणि सगळ्यांत मागच्या कुंपणाची काटकी न् काटकी मोजून घ्यावी अशी. गोपीचंदच्या पोरीच्या लग्नात असं नव्हतं. तिथं मंद काचेवर नजर कधी पुढं चुकली होती, कधी मागं. डोळा चुकला तर कसाही चुकतो. दर वेळी तेवढाच आणि मागंच चुकतो, तो डोळा नव्हे. मग बसवण्यातच काहीतरी चुकलं होतं, आणि बसवली कुणी होती?

तेव्हा त्यांना आपला हात आठवला. काळ्या खोलीत फोटोचा कागद अंधारात ओठाला लावून बघायचा, चिकटेल ती गुळगुळीत बाजू, आणि ती उजेडाकडे ठेवायची. वीस वर्षांची सवय. काच बसवतानाही हातानं तेच केलं होतं. गुळगुळीत बाजू खाली, उजेड येतो त्या आरशाकडे, घासलेली वर. चित्र पडायचं घासलेल्या बाजूवर, आणि ती काचेच्या जाडीइतकी वर सरकली होती. तेवढ्यानं सारा हिशेब मागं गेला होता.

आपली चूक सापडल्याचा इतका आनंद मंगलाबाईंना जन्मात झाला नव्हता.

"उठा," त्या म्हणाल्या. "तुमचे डोळे चांगले हायेत. माहा हात चुकला." त्यांनी झाकण उघडून काच पालथी घातली. दुपारी काढलेल्या फोटोत त्यांच्या कपाळावरचं गोंदण दिसलं. गावानं उगाच म्हण वापरली होती, या खेपेला अंगणच वाकडं होतं.

शाळेचा फोटो झाला. पुढं पोरं मांडी घालून, मधे खुर्च्यांवर गुरुजन, मागं बाकांवर उभी मोठी मुलं. केशवराव गुरुजींनी तो हातात घेतला आणि बोट ठेवत एकेका पोराचं नाव घेत गेले. शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या पोरापर्यंत ते कुठंच अडले नाहीत. मग चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. तो फोटो शाळेच्या ऑफिसात लागला.

तो बघून भंडाऱ्याचे फोटोग्राफर बाबुलाल एक दिवस दुकानात आले. त्यांच्याकडं नवा जपानी कॅमेरा होता. त्यांनी यादोरावांच्या कॅमेऱ्यात डोकावलं आणि बराच वेळ मान वर केली नाही.

"काच कुठून मागवली? मुंबईहून?"

"घरची हाये," यादोराव म्हणाले. लोक तूप घरचं आहे म्हणतात, तसं. मग काळ्या खोलीकडं वळून त्यांनी हाक मारली, "मंगला, बाहीर ये. बाबुलालभाऊले काच कशी बनवली ते सांग."

गिऱ्हाईक असताना त्या खोलीतून मंगलाबाई पहिल्यांदाच बाहेर आल्या. ओले हात पदराला पुसून त्या खुर्चीवर बसल्या आणि मिलमधल्या कुरुंदापासून सगळं सांगितलं. काही झाकून ठेवलं नाही.

"अन् एक ध्यानात ठेवजा," शेवटी त्या म्हणाल्या. "घासलेली बाजू खाली. तेथं मी चुकली होती."

हे सांगताना त्यांची मान ताठ होती.