बावीस घरांचा पितळी पाहुणा

मी एक जुना सन्मान आहे. जुना म्हटल्यावर हसू नका, मित्रांनो. मला घडवून अजून चार वर्षंही झाली नाहीत, पण बावीस घरांतल्या चुलींच्या धुराने मला वेळेआधीच पोक्त केलं आहे.

पुण्यातल्या एका तांबटाने मला ठोकून घडवलं. पितळेची भरीव ओंजळ, खाली शिसवी पाट आणि पाटावर कोरलेली अक्षरं, ‘निर्वासितांची सेवा आणि माणसाचं स्वातंत्र्य यांसाठी’. एवढा थाट पाहून मी फुगलो होतो. काचेचं कपाट आणि वर मंद दिवा मला मिळणार, याची खात्रीच होती. मिळाली ती चकलांब्याजवळच्या एका वस्तीवर मंजुळाबाईंच्या पत्र्याच्या घरातली फळी, पिठाचा डबा आणि चटणीची बरणी यांच्या मधोमध. पहिले आठ दिवस मी फुरंगटूनच बसलो.

मग मला माझीच गोष्ट ऐकायला मिळाली आणि माझा नक्षा उतरला.

या वस्तीवरची बावीस कुटुंबं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या सुमारास परत येतात. जाताना कुलपाची किल्ली मंजुळाबाईंच्या हवाली करतात. एका पौषात, कडाक्याच्या थंडीत, परराज्यातली काही कुटुंबं चालत वस्तीवर आली. एका ठेकेदाराने त्यांना कामावर अडकवून ठेवलं होतं. बाहेर पडू देत नव्हता, मारहाण करत होता. तिथून जीव घेऊन निसटलेली ती माणसं मारुतीच्या पारावर कुडकुडत बसली. मंजुळाबाईंनी किल्ल्यांचा जुडगा काढला आणि एकेक घर उघडत गेल्या. शेजारणीने विचारलं, “न इचारता कावून उघडायला लागलाव?” त्या म्हणाल्या, “आदी लेकरं निजू द्या. मग इचारू.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी फडावर सगळ्यांना फोन केले. कोणी कुरकुरलं, कोणी हसलं, पण हो म्हणाले. नाही म्हणाला तो एकटा तानाजी. “न्हाई काकू. अजून घरभरणी झाली न्हाई. आमीच त्या घरात राह्यलो न्हाई. त्यांना दुसरीकडं हलवा.”

त्याचा राग खोटा नव्हता. बारा वर्षं ऊस तोडून त्याने आणि मंगलने त्या दोन पक्क्या खोल्या उभ्या केल्या होत्या. पाडव्याला स्वतःच्या हाताने दूध उतू घालून आत पाऊल टाकायचं, असं दोघांनी ठरवलं होतं. पण वारा न शिरणारं ते एकच घर, म्हणून त्या आलेल्या माणसांतल्या दिवस भरलेल्या सुमलीला मंजुळाबाईंनी तिथं निजवलं होतं आणि पहाटे तिला मुलगी झाली होती. ओल्या बाळंतिणीला हलवणं मंजुळाबाईंच्या जिवावर आलं. त्यांनी हलवलं नाही.

सुमली आणि तिची माणसं दोन महिन्यांनी सुखरूप आपल्या गावी गेली. तानाजी परतला आणि थेट मंजुळाबाईंच्या दारात उभा राहिला. “किल्ली द्या, काकू. लहानपनी तुमच्या हातची भाकर खाल्ली, म्हनून जास्त बोलत न्हाई.” त्या दिवसापासून बोलणं बंद. हंगामाला जाताना तो किल्ली नेकनूरला मेहुण्याकडे ठेवू लागला. राहायला दोघं नव्या घरात गेली, पण घरभरणी राहिली ती राहिलीच. एवढ्या लोकांनी मंजुळाबाईंना डोक्यावर घेतलं, तरी ज्याला कडेवर खेळवलं त्याचा अबोला त्यांना फार लागला होता. त्या मला पुसताना त्याचंच नाव काढायच्या.

या कामासाठी मला त्यांच्या हाती दिलं, त्या समारंभात त्या एवढंच बोलल्या होत्या, “घरं दुसऱ्याची व्हती. मी नुसती कुलपं काढली. मग ह्ये माझ्या एकटीच्या घरी कसं ठिवू?” म्हणून माझी पाळी लागली. माणसं गावात असली की दर अमावस्येला घर बदलायचं. कौशल्याबाईंनी माझ्या ओंजळीत लसूण ठेवला, सुंदररावांनी चष्मा, छबुबाईंच्या नातीने केसांच्या पिना. आधी अपमान वाटला, मग सवय झाली आणि पुढे ओंजळ रिकामी राहिली की मला करमेना.

पंधरावं घर तानाजीचं. “आमचं घर गाळा,” त्याने निरोप धाडला. मंगल मात्र पदर खोचून आली. “बाळंतपन आमच्या घरात झालं आन पाळी दुसऱ्याची? असं कसं?” तिने मला उचललं ते कोनाड्यात नेऊन बसवलं. तानाजी माझ्याकडे पाठ करून जेवायचा.

त्याच महिन्यात सुमली आली. ठेकेदाराच्या खटल्यात बीडच्या कोर्टात तिची साक्ष होती. ती आटोपून नवरा आणि लेकीला घेऊन ती वस्तीवर उतरली आणि तानाजीच्या अंगणात संकोचून उभी राहिली. साडेतीन वर्षांची पोर मात्र सरळ उंबरा ओलांडून आत शिरली. भिंती पाहिल्या, छत पाहिलं आणि आईला ओरडून विचारलं, “मेरा घर येई है क्या?”

सुमलीने जीभ चावली. माझी ओंजळ घामेजली असती, पितळ होतो म्हणून वाचलो.

तानाजी उठला. पोरीसमोर उकिडवा बसला. मग म्हणाला, “हौ. येच है तेरा घर. तू हितंच पैदा हुई.” मान न वळवताच त्याने हाक मारली, “मंगल, दूध हाय का घरात? चुलीवर ठिव. आन काकूला बलावून आन.”

तीन वर्षांनी मंजुळाबाई त्या अंगणात आल्या. सगळ्यांच्या देखत दूध उतू गेलं. पोर टाळ्या पिटत होती, मंगल हसता हसता डोळे पुसत होती आणि मला इतका आनंद झाला की ते काचेचं कपाट मी कायमचं विसरलो. तानाजीने दुसरी किल्ली काढून मंजुळाबाईंच्या हातात दिली.

“औंदापासून ही तुमच्याकडंच, काकू. कुनी आलं तर मला फोन करत बसू नका. आदी दार उघडा.”

मित्रांनो, तुमच्या गावात माझ्यासारखा एखादा सन्मान असेल, तर त्याला काचेआड कोंडू नका. ज्यांच्यामुळे तो मिळाला, त्या सगळ्यांच्या घरी त्याला हिंडू द्या. धूर लागेल, पोचे पडतील, पडू द्या. रुसलेलं घर मात्र गाळू नका. तिथं जायची गरज सगळ्यात जास्त असते.