नव्वदच्या वर

स्वयंपाकघरातल्या टेबलावर बीन्सचं पातेलं होतं, मक्याच्या पावाचे तीन तुकडे, चार इनहेलर (त्यांतले दोन रिकामे) आणि दोन विद्यापीठांची प्रवेश मिळाल्याची पत्रं. दोन्ही विद्यापीठांना आज पाचपर्यंत उत्तर हवं होतं.

लव्होना स्टिडम दहा वर्षं तालुक्याच्या रुग्णालयात नर्स होती. पुढचं शिक्षण घेतलं की नर्स प्रॅक्टिशनर म्हणून तिला स्वतः रोगी तपासून औषध लिहून देता येणार होतं. एक विद्यापीठ तीन तासांवरच्या शहरात होतं. तिथं दोन वर्षं राहायचं, दवाखान्यातल्या सरावाची सोय तेच करणार. दुसऱ्याचे धडे घरबसल्या घेता येत, पण सहाशे तास एखाद्या अनुभवी प्रॅक्टिशनरच्या हाताखाली काढायचे आणि अशी व्यक्ती आपली आपण शोधायची. अकरा दवाखान्यांनी नकार दिला होता. आता डोंगरापलीकडची डेलिया नोबल तेवढी उरली होती.

"अगं लव्होना, तुला नाही म्हणायचं जिवावर येतंय," डेलिया फोनवर म्हणाली. "पण जूनमध्ये माझाच दवाखाना बंद होतोय. तुला उभी कुठे करू, गाड्या लावतात तिथं?"

"मग इथल्या माणसांना कोण बघणार?"

"म्हणून तर म्हणते, शहरात जा. शीक आणि परत ये. म्हाताऱ्याचं काय करणार आहेस?"

लव्होनाने फोन ठेवला आणि घरबसल्या शिकण्याचं पत्र उलटं करून ठेवलं.

डॅडींच्या फुप्फुसांत एकतीस वर्षांच्या खाणकामाची कोळशाची धूळ होती. ऑक्सिजनचं यंत्र विजेवर चाले. हिवाळ्यात तारा तुटल्या की ते बंद पडे आणि सिलिंडर लावावा लागे. त्याची चावी आता डॅडींच्या हातांना फिरत नव्हती. आई गेल्यापासून ती लव्होनाच फिरवत आली होती.

तिने मागे वळून पाहिलं. डॅडींची खुर्ची रिकामी होती आणि बैठकीवर पडलेली ऑक्सिजनची नळी सूं सूं करत होती.

ते ओसरीवर सापडले. नोव्हेंबरच्या वाऱ्यात, जाकीट न घालता, एका हाताने खांब धरून उभे होते. दुसऱ्या हातात खालच्या रस्त्यावरच्या पेटीतलं टपाल होतं.

"गेलो नि आलो," डॅडी म्हणाले. मग थांबून श्वास घेतला. "नळीबिळी काही नाही."

"कुणी सांगितला होता हा उपद्व्याप?"

"तुझ्या त्या शहरवाल्यांना कळव. म्हातारा... एकटा राहू शकतो म्हणावं."

"म्हाताऱ्याचे ओठ जांभळे पडलेत."

"ब्लॅकबेरी खाल्ल्या."

"नोव्हेंबरात?"

"मुरंब्यातल्या गं, बाई."

ती नळी आणायला वळली तसं त्यांनी तिचं मनगट धरलं. "आधी मोज. तुझं ते बोटाचं यंत्र काढ. नव्वदच्या वर आलं तर तू जायचंस. रडारड नाही."

"आणि खाली आलं तर?"

"येत नाही. तीन आठवडे सराव केलाय. तू ड्यूटीवर गेलीस, की मी निघायचो पेटीपर्यंत."

तिने खिशातलं रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र काढून त्यांच्या बोटाला लावलं. चौऱ्याऐंशी.

"हात गारठलाय माझा," डॅडी घाईने म्हणाले. "गार बोटावर ते खोटं बोलतं. तूच म्हणतेस ना?"

ते खरं होतं. रोग्यांच्या नातेवाइकांना तिने कितीदा तरी हेच सांगितलं होतं. तिने डॅडींना बाकावर बसवलं, आपला स्वेटर त्यांच्या खांद्यांवर टाकला आणि त्यांचा हात दोन्ही तळव्यांत धरून चोळत राहिली. यंत्र खोटं ठरावं असं तिला आयुष्यात पहिल्यांदाच वाटत होतं.

"शहरात बीन्स डब्यातले खातात म्हणे," डॅडी म्हणाले. "वाळशील पोरी."

"बोलू नका. श्वास घ्या."

त्यांची धाप हळूहळू कमी झाली. बोटं ऊबदार झाली, नखांखाली लाली दिसू लागली. तिने या वेळी मधलं बोट निवडलं. यंत्र लावलं आणि नाडीची रेघ एकसारखी होईपर्यंत थांबली. डॅडी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते.

त्र्याऐंशी.